पंपाच्या कामाची पिकअप: बंद बॉडी करावी की पेटी? हत्यारं-केबल चोरीपासून वाचवायची आहेत

विहीर_ते_बोअर

गाडी बोलेरो पिकअप, १.७ टनी, नऊ फुटी हौदा, तिन्ही बाजूंचे फाळके पडणारे. काम सबमर्सिबल पंप काढणे-बसवणे. गाडीत कायम राहणारा माल: चेन पुली, घोडीचे (पंप उचलायच्या तिकाटण्याचे) पाईप, क्लॅम्प, पाने, मेगर (वायरीचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र), क्रिम्पिंगची हत्यारं, दोन-तीन गुंडाळ्या केबल, एखादं स्टार्टर पॅनेल. रात्री गाडी रस्त्याकडेला उभी असते, वर छप्पर नाही.

विचार असा आहे की हौद्यावर पूर्ण पत्र्याची बंद बॉडी करावी, मागे दोन पल्ल्यांचं दार. फॅब्रिकेटर १८ गेज पत्रा सुचवतोय. हे बरोबर आहे का, की केबिनमागे आडवी पेटी पुरेल? कुलूप, अलार्म, आरटीओ, विमा, ज्याला जे पक्कं माहीत आहे ते लिहा. 'मोठं कुलूप लावा' एवढंच सांगायचं असेल तर ते लावून झालंय.

पत्रा_अँगल

आधी वजन मांडा, डिझाइन नंतर. लोखंडी पत्र्याला एकच आकडा लक्षात ठेवा: १ मिमी जाडीला चौरस मीटरमागे ७.८५ किलो. १८ गेज म्हणजे सुमारे १.२ मिमी, तो भरतो ९.४ किलो. ९ × ५.५ फूट हौदा आणि ४ फूट उंची धरली तर दोन बाजू, छत, पुढची भिंत आणि मागची दारं मिळून १६५ चौरस फूट, म्हणजे साडेपंधरा चौरस मीटरच्या आत. नुसता पत्राच १४४ किलो झाला. २५ × २५ × २ मिमी चौकोनी पाईपचा सांगाडा मीटरला १.४४ किलो, ३० मीटर लागला तर आणखी ४३. बिजागऱ्या, कड्या, रबर, रंग धरून दोन क्विंटल. तेवढा माल कायमचा कमी झाला, कारण आरसीवरचं एकूण वजन तेच राहणार.

आणि एवढं करून १.२ मिमीच्या पत्र्याला पहारीचं टोक लावलं की तो वाकतो. मोठा सपाट पत्रा पातळ असेल तर तो पावसापासून वाचवतो, चोरापासून नाही.

दुसरं असं की तुमच्या कामात पाईप आणि मोटार बाजूने चढते-उतरते. बाजूचे फाळके बंद करून टाकले तर प्रत्येक विहिरीवर गाडी उलटी लावावी लागेल.

माझं मत पेटीच. केबिनमागे आडवी, १५०० × ५०० × ५०० मिमी. सहाही बाजू धरून साडेतीन चौरस मीटर. सगळी २ मिमीत केली तर ५५ किलो, १.६ मिमीत ४४. झाकण आणि मागे हौद्याकडे येणारी बाजू २ मिमी, बाकी १.६ मिमी करा. अॅल्युमिनियम ३ मिमी घेतलं तर २८ किलोत काम होतं. पण त्याला नीट वेल्डिंग करणारा हवा, आणि ग्राइंडर ते लोखंडापेक्षा लवकर कापतो.

विहीर_ते_बोअर

हिशेब पटला. पण पेटीच उचलून नेली तर? ५५ किलो म्हणजे दोन माणसांचं काम.

पत्रा_अँगल

नेतातच. म्हणून बोल्ट कुठून घालायचा ते महत्त्वाचं. बहुतेक ठिकाणी पेटीच्या आतून बोल्ट खाली सोडतात आणि नट हौद्याखाली येतो. मग गाडीखाली सरकून सतरा नंबरचा पाना लावला की पेटी सुटते, कुलपाला हात लावायची गरजच नाही.

उलटं करा. एम१० चा कॅरेज बोल्ट घ्या, गोल गुळगुळीत डोक्याचा आणि मानेला चौकोन असलेला. तो हौद्याखालून वर घाला. खाली फक्त गोल डोकं दिसेल, त्याला पाना धरत नाही. मान अडकायला ५ मिमी जाड, ५० × ५० ची पट्टी घ्या, तिला चौकोनी भोक पाडा, ती खाली लावा. वर पेटीच्या आत दुसरी तशीच पट्टी, त्यावर वॉशर आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, हादऱ्याने न सुटणारा). असे सहा बोल्ट, आणि ते नुसत्या पत्र्यातून नाही तर हौद्याच्या आडव्या मेंबरवरून (खालच्या आधाराच्या आडव्या पट्टीवरून) गेले पाहिजेत. नुसत्या पत्र्यात धरलेला बोल्ट पहारीने पत्र्यासकट निघतो.

गाडीच्या चासीला मात्र भोक पाडायचं नाही आणि वेल्डिंगही करायचं नाही. हौदा चासीवर यू-बोल्टने बसलेला असतो, आपण हौद्यापर्यंतच थांबायचं.

कमान_पाटा

+१. वेल्डिंगबद्दल आणखी. पेटी गाडीवर ठेवूनच टाके मारायचे म्हणत असतील तर आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा, शक्य असेल तर ईसीयूचा (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचा) कनेक्टरही. वेल्डिंगच्या अर्थिंगचा क्लॅम्प जिथे टाका पडतोय त्याच्या वीतभर अंतरात लावा. बंपरला क्लॅम्प आणि हौद्यात टाका असं केलं तर करंट मधल्या बेअरिंगमधून, वायरिंगमधून वाट काढतो. अल्टरनेटरचे डायोड आणि ईसीयू असेच जातात. सगळ्यात बरं म्हणजे पेटी खाली पूर्ण करून, रंगवून, मग बोल्टने चढवणे.

कुलूपकिल्ली

आता कुलूप. पेटी फोडताना कुलूप तोडणं हा शेवटचा उपाय असतो. त्याआधी पाहतात ते असं: कडी-कोयंड्याचे स्क्रू बाहेरून दिसतात का, बिजागरीची पिन ठोकून निघते का, झाकणाच्या फटीत पहार जाते का. बाजारात मिळणारा २ मिमीचा कोयंडा कितीही महाग कुलूप लावलं तरी पिळून तुटतो.

कोयंडा ५ मिमी पट्टीचा घडवून घ्या, आतून पूर्ण वेल्ड. बिजागऱ्या आतल्या बाजूला. बाहेरच ठेवायच्या असतील तर पिनच्या दोन्ही टोकांना टाका मारा, शिवाय बिजागरीच्या बाजूला झाकणाखाली १२ मिमी गजाचे दोन तुकडे वेल्ड करून पेटीच्या कडेतल्या भोकांत बसतील असे करा. झाकण बंद असताना पिन काढली तरी त्या बाजूने उचलता येत नाही.

झाकणाला तिन्ही बाजूंनी २५ मिमी खाली वळवलेली ओठ द्या. त्याने पहारीचं टोक फटीत सरळ जात नाही आणि पाऊसही आत येत नाही. कुलूप एकच मधोमध असेल तर झाकणाचे कोपरे उचलले जातात. दीड मीटर लांबीला दोन कुलुपं हवीत, दोन्ही टोकांपासून ३०० मिमी आत. किंवा मधलं एक हँडल आणि दोन्हीकडे सरकणारे १२ मिमीचे गज, कंटेनरच्या दारासारखे.

कुलपाची कडी, म्हणजे यू आकाराचा गज, जितका कमी दिसेल तितकं चांगलं. लांब कडीचं कुलूप बोल्ट कटरच्या तोंडात अलगद बसतं. गोल चकतीसारखं कुलूप, किंवा कुलपाभोवती ३ मिमी पत्र्याची डबी वेल्ड करून घेणे, ज्यात हात फक्त खालून जाईल. बॅटरीवर चालणारा ग्राइंडर असेल तर १० मिमीची कडी एक-दोन मिनिटांत जाते, तिथे कोणतंच कुलूप टिकत नाही. पण तो आवाज रात्री दोनला गल्लीभर जातो, म्हणून पहार आणि कटरचे मार्ग बंद करणं हे निम्म्याहून जास्त काम आहे.

दोन्ही कुलुपं एकाच किल्लीची सांगून घ्या. वेगळ्या किल्ल्या असल्या की दुसरं कुलूप दिवसा लावायचा कंटाळा येतो आणि मग रात्रीही राहून जातं.

विहीर_ते_बोअर

फॅब्रिकेटर जाळीचं म्हणाला होता. वर पेटी आणि बाकी हौद्यावर ५० × ५० ची वेल्डमेश, म्हणजे वेल्ड केलेली तारेची जाळी. जाळी हलकी पडेल.

कुलूपकिल्ली

जाळीतून आतला माल दिसतो, हाच तिचा दोष. पाईप-घोडीला ठीक. केबल आणि हत्यारं जाळीत ठेवू नका.

तांब्याची_तार

चोर काय शोधतो ते आधी पाहू. मेगर चोरणाऱ्याला गिऱ्हाईक शोधावं लागतं. तांब्याला शोधावं लागत नाही. ४ चौरस मिमी, ३ कोअर फ्लॅट केबलच्या १०० मीटर गुंडाळीत तांबं किती? १२ चौरस मिमी गुणिले १०० मीटर, घनता ८.९६, म्हणजे पावणेअकरा किलो. जाळून काढलं की त्यावर कोणाचं नाव उरत नाही. म्हणून केबलवर रंगाची पट्टी, नाव वगैरे मारून उपयोग नाही, हत्यारांवर आहे.

केबल पेटीत वरच ठेवू नका. पेटीच्या तळाला १० मिमी गजाची एक कडी वेल्ड करा, गुंडाळीच्या मधून ८ मिमी साखळी ओवून त्या कडीला अडकवा. पेटी उघडली तरी केबल बाहेर काढायला आणखी एक काप लागतो. रात्रीपुरती केबल घरात नेता आली तर याहून सोपं काही नाही, पण तीन गुंडाळ्या रोज कोण उचलणार, हेही खरं.

अलार्मसाठी महाग किट नको. झाकणाला चुंबकी रीड स्विच, बंद असताना सर्किट पूर्ण राहील असा. म्हणजे कोणी वायर कापली तरी भोंगा वाजतो. उलट प्रकारचा स्विच लावला तर एक काप आणि सगळं शांत. रीड स्विच आणि चुंबक थेट लोखंडावर बसवले की चुंबकाची पोच कमी होते. दोन्हींखाली ५ मिमी प्लास्टिकची चकती द्या, अंतर १०-१५ मिमीच्या आत ठेवा. भोंगा पेटीच्या आत, झाकणाला बारीक भोकं पाडून. बाहेर लावलेल्या भोंग्याची वायर पहिली कापली जाते.

हादऱ्याचा सेन्सर लावला तर त्याची संवेदनशीलता कमीच ठेवा. रस्त्याकडेला डंपर गेला की वाजणारा अलार्म चौथ्या रात्री मालक स्वतः बंद करतो.

विहीर_ते_बोअर

@तांब्याची_तार, दादा, बॅटरी उतरणार नाही ना? पावसाळ्यात गाडी आठ-दहा दिवस उभी असते.

तांब्याची_तार

मोजून घ्या. अलार्म २० मिलिअँपिअर, जीपीएस ट्रॅकर झोपेत ५ ते १०, हललं की तासनतास ५० च्या पुढे. सरासरी ५० धरा: दिवसाला १.२ अँपिअर-तास. ७५ अँपिअर-तासाच्या बॅटरीतला निम्मा भाग वापरला तर ३७. म्हणजे महिनाभर निघतो. पण ही नव्या बॅटरीची गोष्ट. तीन वर्षं जुनी असेल तर निम्मे दिवस धरा.

फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात, ५ अँपिअर. फ्यूज दुसऱ्या टोकाला, म्हणजे अलार्मजवळ लावणारे मेकॅनिक आहेत. मधली चार मीटर वायर कुठे घासली तर मग काय वितळतं ते सांगायला नको. हौद्यात दोन १८ वॉटचे एलईडी हवे असतील तर ३ अँपिअर, त्याला १.५ चौरस मिमी वायर. जाताना-येताना मिळून १० मीटरला साधारण एकतृतीयांश व्होल्टच पडतो. अर्थिंग रंग खरवडून, दातेरी वॉशर लावून, वर ग्रीस.

गाडी चालूच होऊ नये म्हणून चोरस्विच हवा असेल तर तो फक्त स्टार्टर रिलेच्या कॉइलच्या बारीक वायरीवर. इंधन किंवा सेन्सरच्या वायरीत हात घालू नका. कॉमन रेल गाडीत (आजची कॉम्प्युटरवर चालणारी डिझेल) सेन्सरची वायर तोडली की चेक लाइट आणि लिम्प मोड, म्हणजे इंजिन स्वतःच ताकद कमी करतं. आणि धावत्या गाडीत इंजिन बंद करणारं मोबाइलवालं रिले कोणी विकत असेल तर घेऊ नका. घाटात इंजिन बंद झालं की स्टिअरिंग जड होतं, आणि दोन-तीनदा पाय दाबल्यावर ब्रेकचा व्हॅक्यूम संपतो.

ट्रॅकर डॅशबोर्डच्या आत, वर प्लास्टिकच असेल अशा जागी. पेटीत किंवा पत्र्याखाली ठेवला तर उपग्रह दिसत नाही. जुना २जी ट्रॅकर जिओच्या सिमवर चालत नाही, तिथे २जीच नाही. ब्लूटूथ टॅग दुसरा म्हणून ठीक, पण तो जवळून जाणाऱ्या फोनवर अवलंबून. माळरानावर तो दोन दिवस गप्प राहू शकतो, शिवाय चोराच्या फोनवर सूचना जाते ती वेगळीच.

कमान_पाटा

पेटी आली, केबल आली, आता कोणीतरी 'मागे एक पाटा (स्प्रिंगचं पान) जास्त टाका' म्हणेल. टाकण्याआधी मागच्या अॅक्सलवर एलएसपीव्ही आहे का बघा. हा वजन ओळखून मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह. हौदा आणि अॅक्सल यांच्यातलं अंतर वाढलं की त्याला वाटतं गाडी रिकामी आहे, मग भरल्या गाडीलाही मागचे ब्रेक कमी मिळतात. पाटा टाकलाच तर त्याच्या लिव्हरचं सेटिंग पुन्हा करून घ्या. हेडलाइटचा कोनही तपासा.

पाटा टाकल्याने आरसीवरचं वजन वाढत नाही. जास्त भरलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली वीस हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार.

तुमच्या पेटीला पाट्याची गरज नाही. केबिनला चिकटून असल्याने तिचं वजन दोन्ही अॅक्सलवर वाटलं जातं.

विम्याची_वही

दोन गोष्टी, लोक इथेच फसतात.

एक. व्यावसायिक मालवाहू गाडीच्या पॅकेज पॉलिसीत नुसती अॅक्सेसरी चोरीला गेली, गाडी नाही, तर भरपाई नाही. गाडीही त्याच वेळी चोरीला गेली असेल तरच. म्हणजे रात्री पेटी फोडली आणि एलईडी, स्टिरिओ, बॅटरी नेली तर क्लेम बसत नाही. आणि आतली हत्यारं-केबल हा तर गाडीचा भागच नाही, मोटार पॉलिसी त्याकडे बघत नाही. त्यासाठी हत्यारांची वेगळी चोरीची पॉलिसी घ्यावी लागते. घेताना 'उभ्या गाडीतून, जबरदस्तीने उघडल्याच्या खुणा असतील तर' अशी अट असते, ती वाचा. म्हणजे किल्ली पेटीला तशीच राहिली आणि माल गेला तर मिळणार नाही. एआरएआय (गाड्या तपासणारी पुण्याची संस्था) मान्यतेचं चोरीरोधक उपकरण लावलं असेल तर गाडीच्या ओडी (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) प्रीमियमवर २.५ टक्के सूट, जास्तीत जास्त ५०० रुपये. त्यासाठी अलार्म घेऊ नका, घेतलाच असेल तर प्रमाणपत्र मात्र द्या.

दोन. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, गाडीत बदल करण्याबद्दलचं. पेटी हौद्याच्या आत, काढता येणारी, बाहेरची मापं न बदलणारी असेल तर वेगळी गोष्ट. पण बंद बॉडी केली की बॉडीचा प्रकार आणि रिकाम्या गाडीचं वजन दोन्ही बदलतात. आरटीओची परवानगी आधी, आणि बदल केल्यावर १४ दिवसांत नोंद. न करता फिरलं तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. अपघात झाला तर विमा कंपनी हेच कारण पुढे करते. समोरचा लोखंडी गार्ड लावायचा मोह असेल तर २०१७ मध्येच केंद्राने त्यावर बंदीचे आदेश काढलेत. काचांना काळी फिल्म २०१२ पासून बंद.

चोरी झालीच तर ठाण्यात नुसता तक्रार अर्ज देऊन परत येऊ नका. मालवाहू गाडीतून माल चोरणं हे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ मध्ये स्वतंत्र धरलंय, शिक्षा सात वर्षांपर्यंत. साध्या चोरीच्या ३०३ वर थांबू नका, ३०५ लावायला सांगा. सोबत हत्यारांचे सिरियल नंबर आणि फोटो आधीच मोबाइलबाहेर कुठेतरी ठेवलेले असावेत, मोबाइलही गाडीतच असतो कधी.

विहीर_ते_बोअर

आभार. म्हणजे बंद बॉडी रद्द. पेटी, सहा कॅरेज बोल्ट खालून, दोन कुलुपं एका किल्लीची, साखळी आत. डिझेल आणि स्टेपनीचं कोणी सांगेल का?

कुलूपकिल्ली

डिझेलच्या टाकीला कुलपाचं झाकण घेताना जुन्या झाकणाला हवेचं छिद्र होतं का बघा. असेल आणि नव्याला नसेल तर टाकीत निर्वात होतो, अर्ध्या टाकीला गाडी खेचायची थांबते आणि मेकॅनिक फिल्टर बदलत बसतो. खालचा ड्रेन बोल्ट हा दुसरा रस्ता, त्यावर पत्र्याची टोपी वेल्ड करायची नाही (टाकीला वेल्डिंग कधीच नाही), टाकीच्या पट्टीला नटबोल्टने धरलेली टोपी करा.

स्टेपनी खाली टांगलेली असेल तर ८ मिमी साखळी, वरून पाण्याच्या पाईपचा तुकडा, रिममधून ओवून आडव्या मेंबरला. कुलपाचं तोंड खाली. तेल घालू नका, चिखल धरतं आणि पावसाळ्यानंतर किल्ली फिरत नाही. ग्रॅफाइट पूड घाला.

खारा_वारा

इतका वेळ सगळे चोराबद्दल बोलले, गंजाबद्दल कोणी नाही. कोकणात दोन पावसाळे गेले की पहिलं सुटतं ते बिजागरीचं वेल्ड. पेटीच्या तळाला चारही कोपऱ्यांत ८ मिमीची भोकं पाडा, नाहीतर आत आलेलं पाणी तिथेच राहतं आणि मेगरची पेटीही कुजते. भोकं आडव्या मेंबरवर येऊ देऊ नका, पाणी त्यातच साचतं. भोक पाडलेल्या प्रत्येक कडेला झिंक प्रायमर, रंग नंतर. पेटी थेट हौद्याच्या पत्र्यावर बसवू नका, मध्ये ६ मिमी रबराच्या पट्ट्या. अॅल्युमिनियमची पेटी केलीत तर लोखंडी बोल्टखाली नायलॉन वॉशर, नाहीतर जिथे दोन्ही धातू भिडतात तिथे पांढरी पूड धरते आणि भोक मोठं होत जातं.

आणि ओठाखाली रबराची पट्टी लावाल तेव्हा ती ओठाला लावा, पेटीच्या कडेला नाही. कडेला लावली तर हत्यारं काढताना घासून महिनाभरात निघते.

पत्रा_अँगल

@खारा_वारा, रबराचं बरोबर, पण रबरावर बोल्ट कसून आवळले की रबर दबतं आणि पंधरा दिवसांत बोल्ट ढिले होतात. जिथे बोल्ट आहे तिथे रबर कापून, त्याच जाडीची लोखंडी चकती द्या. मग नायलॉक एकदाच आवळायचा, पाचशे किलोमीटरनंतर परत एकदा पाहायचा.

विहीर_ते_बोअर

शेवटचा प्रश्न. पेटीमागे केबिनची मागची काच आहे. झाकण उघडल्यावर काचेला लागतं का?

पत्रा_अँगल

५०० मिमी खोल झाकण सरळ उभं राहिलं की पेटीच्या वर ५०० मिमी जातं. बिजागरी केबिनच्या बाजूला ठेवली आणि झाकण नव्वद अंशांच्या पुढे गेलं की काच फुटणार. पेटी आणि केबिनमध्ये ७५ मिमी जागा सोडा, आणि झाकण ८५ अंशांवर अडवायला आतून साखळी. गॅस स्ट्रट लावले तर त्यांची लांबीच त्या हिशेबाने घ्या. ती जागा सोडलीत की केबिन आणि हौदा वेगळे हलतात, त्याचा घासही वाचतो.

विहीर_ते_बोअर

७५ मिमी सोडतो. बिजागऱ्या केबिनच्या बाजूला म्हणजे बाहेरून हातही पोहोचत नाही. टाके तरीही मारून घेतो.